शहराचा शेजार आणि आपली पिके



शहराच्या कडेला शेती असणे हे एके काळी भाग्याचे समजले जाई, आणि बऱ्याच अंशी ते आजही खरे आहे. मांजरी, फुरसुंगी, वाघोली येथील बागायतदाराला पुण्याची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. आडगावच्या भाजीवाल्याला नाशिक जवळ आहे. सकाळी तोडलेली मेथी दुपारच्या आत गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडते. परंतु शहर आपला माल नुसता विकत घेत नाही, तर आपल्याकडची उष्णता, उजेड, धूर, सांडपाणी, तणांचे बी, किडी आणि भटकी जनावरे आसपासच्या शिवारात सोडत असते. याचा पिकांवर होणारा परिणाम पुष्कळदा रोग किंवा खताची कमतरता समजला जातो. मग गरज नसलेली औषधे फवारली जातात आणि पैसा वाया जातो. म्हणून शहरी वातावरणात झाडे व प्राणी कसे वागतात आणि त्यातले आपल्या बांधापर्यंत काय पोहोचते, हे या लेखात पाहू.

शहर तापते, कीड वाढते

शहर भोवतालच्या खेड्यापेक्षा उष्ण असते, ही गोष्ट लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी इ. स. १८१८ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात प्रथम व्यवस्थित नोंदींसह मांडली. हा फरक दिवसापेक्षा रात्री जास्त असतो, हेही त्यांच्या लक्षात आले होते. त्याचे कारण सोपे आहे. डांबर, सिमेंट व विटा दिवसभर ऊन साठवतात आणि रात्री हळूहळू सोडतात. शेतातील पिके व ओली जमीन पाण्याची वाफ करून आपला ताप कमी करतात. शहरात ती सोय राहिलेली नसते.

या उष्णतेचा खरा लाभ किडींना मिळतो. अमेरिकेतील रॅले या शहरात रस्त्याकडेच्या ओक वृक्षांची पाहणी केली गेली, तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. शहराच्या सर्वांत उष्ण भागातील झाडांवर खवले कीड थंड भागातील झाडांच्या मानाने सुमारे १३ पट आढळली. झाडे त्याच जातीची, शहरही तेच, फरक होता तो थोड्या अंशांचा.

आपल्याकडे मुंबईत २०१० नंतरच्या दशकात पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण पडला व शेकडो मोठी झाडे वाळली. तेथे उष्णतेच्या जोडीला बुंध्यापर्यंत केलेले काँक्रीट आणि पाण्याचा ताणही होता. अशक्त झाडावर कीड लवकर बसते, हे आपणांस सांगावयास नको. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूर येथे प्रथम आढळला आणि पुढे तो महाराष्ट्रातही आला. परसबागेतील पपई आणि कुंपणाची जास्वंद ही त्याच्या मुक्कामाची ठिकाणे आहेत. २०१० साली पोर्टो रिको येथून आणलेल्या परोपजीवी गांधीलमाशीने त्याला बराच आवर घातला. म्हणून शहरातील रोपवाटिकेतून शोभेची झाडे आणताना पानांची मागची बाजू व फांद्यांची बेचकी पाहूनच घ्यावीत. पपईच्या बागेत ही परोपजीवी माशी कामाला लागलेली असेल, तर घाईने जहाल कीटकनाशक फवारून तिला मारू नये.

रात्रीचा उजेड : सोयाबीन हिरवे का राहते?

हा विषय थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण गावोगावी उंच खांबांवर प्रखर दिवे लागू लागले आहेत.

सोयाबीनचे सगळे शेत पिवळे पडून पाने गळतात, पण रस्त्याच्या दिव्याखालचा एक तुकडा मात्र हिरवागार राहतो. शेंगा कमी, दाणा भरलेला नाही, पाला भरपूर. खत जास्त झाले असावे किंवा रोग पडला असावा, असा समज होतो. पण हा तुकडा नीट पाहावा. तो खांबाभोवती गोल किंवा अर्धगोल असेल आणि जसजसे खांबापासून दूर जावे तसतसे पीक पक्व होत गेलेले दिसत असेल, तर दोष खताचा नाही, उजेडाचा आहे. खत चुकले तर पट्टे पेरणीच्या ओळीने किंवा पाण्याच्या पाटाने पडतात. विषाणूरोगाची झाडे विखुरलेली असतात. गोल आकार काढतो तो दिवाच.

यामागचे शास्त्र १९२० साली अमेरिकेतील गार्नर व अलार्ड या शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीन यांवर प्रयोग करून मांडले. काही पिके दिवसाच्या लांबीनुसार फुलतात. पुढे असे आढळून आले की, झाड प्रत्यक्षात मोजते ती रात्रीची लांबी. पानात फायटोक्रोम नावाचे एक रंगद्रव्य असते. उजेडात ते एका रूपात असते आणि अंधारात हळूहळू दुसऱ्या रूपात जाते. सलग अंधार पुरेसा लांबला की झाडाला फुलण्याची खूण मिळते. मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला, तरी हा हिशेब मोडतो आणि झाड समजते की अजून उन्हाळ्याचे लांब दिवस चालू आहेत. त्यासाठी सूर्यासारखा प्रखर उजेड लागत नाही, दिव्याचा मंद प्रकाशही पुरतो. म्हणूनच काही दिवे पीक वाढवण्याइतके तेजस्वी नसले, तरी ते फुलणे थांबवण्याइतके पुरेसे असतात.

शेवंतीच्या बागायतदारांना हे तंत्र परिचित आहे. हरितगृहात फूल लांबवायचे असेल, तेव्हा आपण मुद्दाम मध्यरात्री काही तास दिवे लावतो. नेमके तेच काम रस्त्यावरचा दिवा आपल्याला न विचारता रोज रात्रभर करतो. सोयाबीन व शेवंतीप्रमाणेच तूर, विशेषतः उशिरा येणारे वाण, आणि मालदांडीसारखी रब्बी ज्वारी यांनाही लांब रात्र हवी असते. टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी या पिकांना रात्रीच्या लांबीचे फारसे बंधन नाही. त्यामुळे दिव्याच्या टप्प्यातील पट्ट्यात अशी पिके घ्यावीत व सोयाबीन, शेवंती आत सरकवावी. ग्रामपंचायतीकडे किंवा वीज मंडळाच्या स्थानिक कार्यालयाकडे दिव्याला शेताच्या बाजूने पत्र्याची आडोशी पट्टी बसवून मागावी. या पट्टीला खर्च थोडा येतो आणि रस्त्यावरचा उजेडही कमी होत नाही. हिरवा राहिलेला तुकडा मात्र मुख्य पिकाबरोबर कापू नये. त्यातील ओले दाणे मळणीत मिसळले, तर सगळ्या मालाची आर्द्रता वाढते आणि बाजारात भाव पडतो.

झाडांप्रमाणे पाखरांचाही हिशेब उजेडाने बिघडतो. कुक्कुटपालनात अंड्यावरील कोंबड्यांना दिवसाचा व दिव्याचा मिळून सुमारे १६ तास प्रकाश दिला जातो, तो याच कारणासाठी. जर्मनीत म्युनिक शहरातील ब्लॅकबर्ड या पक्ष्यावर प्रयोग झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, रात्री मंद उजेडात ठेवलेले नर अंधारात ठेवलेल्या नरांपेक्षा जवळजवळ महिनाभर आधी विणीला तयार झाले. पिले जन्मतील तेव्हा अळ्या मिळतीलच असे नाही, ही यातली अडचण.

दिव्याभोवती पतंग का फिरतात, याचे एक चांगले उत्तर २०२४ साली मिळाले. रात्री उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे करून उडतात, कारण निसर्गात उजेडाची बाजू म्हणजे आकाश. दिवा बाजूला असला की त्यांचे शरीर कलते आणि ते त्याच्याभोवती घिरट्या घालत राहतात. म्हणजे दिवा त्यांना बोलावतो असे नसून, जवळून जाणारा कीटक त्यात अडकतो. हुमणीचे भुंगेरे पकडण्यासाठी आपण प्रकाश सापळा लावतो, त्यात खाली पाण्याचे व रॉकेलचे भांडे असते. रस्त्याच्या दिव्याखाली असे भांडे नसते. तेथे अडकलेले किडे खाली उतरतात ते आपल्याच शेतात.

शहराचा धूर खेड्यात जास्त बाधतो

हे वाचून आश्चर्य वाटेल. न्यूयॉर्क शहरात व त्याच्या आसपासच्या ग्रामीण भागात शास्त्रज्ञांनी एकाच कुळाची, म्हणजे तंतोतंत सारख्या गुणांची पॉप्लर जातीची रोपे लावली. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा शहरातील रोपे ग्रामीण भागातील रोपांच्या दुप्पट वाढलेली आढळली. माती, पाणी व खत यांचा फरक काढून टाकल्यावर कारण उरले ते ओझोन.

ओझोन थेट धुराड्यातून बाहेर पडत नाही. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर कडक ऊन पडले की तो तयार होतो. शहरात ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइड त्याला बरेचसे खाऊन टाकतो. वारा ही हवा खेड्याकडे नेतो तोवर ओझोन वाढलेला असतो आणि त्याला खाणारा ताजा धूर मागे राहिलेला असतो. म्हणून शहराच्या वाऱ्याखालच्या बाजूचे शेत शहरातील बागेपेक्षा जास्त सोसते. वरच्या वातावरणातील ओझोन आपले रक्षण करतो, हे शाळेत शिकवतात ते खरेच आहे. पण तोच वायू जमिनीलगत आला की पानाच्या रंध्रांतून आत शिरून पेशी जाळतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह केलेला अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००५ या एका वर्षात ओझोनमुळे देशात गव्हाचे सुमारे ३५ लाख टन व भाताचे सुमारे २१ लाख टन उत्पादन घटले. हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पीक उभे असते, हिरवे असते, फक्त दाणा हलका भरतो.

कधी कधी खुणा दिसतातही. सोयाबीन, घेवडा, बटाटा, कलिंगड यांच्या जुन्या पानांवर, वरच्या बाजूस, शिरांच्या मधल्या भागात बारीक तपकिरी किंवा पांढुरके ठिपके येतात आणि पान तांबूस होऊन लवकर गळते. कोवळी पाने स्वच्छ असतात. कोळी किंवा फुलकिडे समजून त्यावर फवारणी करण्याचा मोह होतो. त्याआधी भिंगाने पानाची खालची बाजू पाहावी. कोळी असतील तर हालचाल व बारीक जाळे दिसते. फुलकिड्यांच्या खरवडण्याच्या खुणा व काळी विष्ठा दिसते. यातले काहीच नसेल, तर औषधाचा डबा परत ठेवावा.

वीटभट्टीचा धूर हा याहून जवळचा शत्रू. शहर वाढले की भट्ट्याही वाढतात. उत्तर प्रदेशातील आंबा बागांत फळाचे टोक काळे पडून कडक होण्याची विकृती पूर्वीपासून ज्ञात आहे व तिचा संबंध भट्टीच्या धुरातील वायूंशी आढळला आहे. हा बुरशीचा रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशक उपयोगी पडत नाही. बोरॅक्स ०.६ टक्के, म्हणजे १० लिटर पाण्यात ६० ग्रॅम, फुलोऱ्यापूर्वी, फुलोऱ्यात आणि फळधारणेनंतर फवारल्याने विकृती कमी होते. मूळ उपाय मात्र भट्टी बागेपासून दूर ठेवणे हाच.

धुराची झळ मधमाश्यांनाही बसते. आग्या मोहोळ हल्ली उंच इमारतींवर व पाण्याच्या टाक्यांवर सर्रास दिसते, त्यावरून शहर तिला मानवले असे वाटते. बंगळूर शहरात या माश्यांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात १८०० हून अधिक माश्या तपासल्या होत्या. मध्यम व जास्त प्रदूषित ठिकाणांहून पकडलेल्या माश्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माश्या २४ तासांत मेल्या. कांद्याचे बीजोत्पादन, सूर्यफूल आणि वेलवर्गीय भाज्या घेणाऱ्यांनी यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेजारच्या शहरातून येतील त्या माश्यांवर विसंबू नये. फुलोऱ्याच्या काळात शेतात पेट्या ठेवाव्यात आणि फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावरच करावी.

शहरात प्राणी व झाडे बदलतातही

इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १८४८ साली एका पांढुरक्या पतंगाचा काळा प्रकार नोंदला गेला. कारखान्यांच्या काजळीने झाडांच्या साली काळ्या झाल्या होत्या. त्यांवर पांढरा पतंग पाखरांना चटकन दिसे, काळा वाचे. १८९५ पर्यंत तेथे शंभरात सुमारे ९८ पतंग काळे झाले होते. १९५६ च्या कायद्याने हवा स्वच्छ होऊ लागली, तसे पांढरे पुन्हा वाढले. ही गोष्ट पुस्तकी वाटेल, पण गुलाबी बोंडअळीने २०१७ साली महाराष्ट्रातील बीटी कापसाचे जे केले, ते याच नियमाने. काजळीच्या जागी बीटीचे विष ठेवा. ज्या थोड्या अळ्या त्यातून वाचल्या, त्यांचीच संतती शिवारभर झाली.

वनस्पतींतही असेच घडते. फ्रान्समधील माँपेल्ये शहरात पदपथावरील झाडांच्या आळ्यांत एक पिवळ्या फुलांचे तण उगवते. त्याला दोन प्रकारचे बी येते. एक आपल्या एकदांडीसारखे तुरेवाले, वाऱ्यावर उडणारे, तर दुसरे जड, जागीच पडणारे. शहरात उडालेले बी बहुधा सिमेंटवर पडून वाया जाते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शहरी झाडांमध्ये जड बियांचे प्रमाण वाढलेले आढळले, आणि या बदलाला अवघ्या ५ ते १२ पिढ्या पुरल्या असाव्यात असा अंदाज निघाला. हे तण वर्षायू आहे, म्हणजे तितकीच वर्षे.

आणखी एक मोठा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जगातील १६० शहरांतील पांढऱ्या क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीची तपासणी केली होती. ही वनस्पती कुरतडली गेली की हायड्रोसायनिक आम्ल सोडते. कोवळी, पाण्याचा ताण पडलेली ज्वारी खाऊन जनावर दगावते ते याच विषाने. शहराच्या मध्यभागाकडे जावे तसे, अनेक शहरांत, हे विष बनवणाऱ्या झाडांचे प्रमाण कमी होत जाताना आढळले. तेथे चरणारे कमी, मग हत्यार बाळगण्याचा खर्च कशाला?

आपल्याकडे शहराने पोसलेले तण म्हणजे गाजरगवत. भारतात त्याची ठळक नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच झाली. मोकळे प्लॉट, रस्त्याच्या कडा आणि बांधकामाचा राडारोडा ही त्याची रोपवाटिका होय. एकेका झाडाला हजारो बी येते. ते मुरुमाच्या डंपरने, वाळूने आणि शहरी कचऱ्याच्या कच्च्या खताने आपल्या शेतात पोहोचते. मेक्सिकोतून आणलेला भुंगा पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतो, परंतु बी तयार झाल्यावर तो आला तर उपयोग थोडा. भरावासाठी मुरूम टाकलेल्या जागेवर पहिले दोन पावसाळे नजर ठेवावी व फुलापूर्वी, हातमोजे घालून, झाडे उपटावीत. शहरी कंपोस्ट पूर्ण कुजलेले, गरमी निघून गेलेलेच घ्यावे.

पाणी, पाखरे आणि बिबट्या

शहराच्या सांडपाण्यात नत्र व स्फुरद भरपूर असते. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनीत जाते, त्या वाटेवरची जलपर्णी ही त्याचीच खूण. ठाणे खाडीत १९९० च्या दशकापासून रोहित पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले, त्यामागेही सांडपाण्यावर वाढणारे शेवाळ आहे. २०१५ साली तेथे अभयारण्य घोषित झाले. म्हणजे घाण पाणी सर्वांनाच मारक असते असे नाही. पण भाजीपाल्याचा प्रश्न वेगळा. कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या ओढ्यावर पालक, मेथी, कोथिंबीर घेऊ नये. कॅडमियमसारखे जड धातू पाल्यात साठतात आणि धुऊन जात नाहीत. अशा जमिनीत फुलझाडे किंवा ऊस परवडला. माती व पाणी तपासून घेणे हा खर्च एकदाच करावा लागतो.

पोपटांचे थवे शहरातील जुन्या वृक्षांवर रात्री मुक्काम करतात आणि सकाळी ज्वारी, सूर्यफूल, पेरू, डाळिंबावर येतात. त्यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, त्यामुळे पकडणे किंवा मारणे हा गुन्हा ठरतो. फळबागेवर जाळी आणि दाणा भरताना चमकणारी फीत हेच उपाय. गव्हाणी घुबड मात्र जुन्या वाड्यांत, इमारतींच्या पोकळ्यांत राहते व उंदीर खाते. अशुभ म्हणून त्याला हुसकावणे आपल्याच धान्याच्या मुळावर येते.

बिबट्याला घनदाट जंगलच लागते, हा समज आता मागे पडला आहे. अकोले तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या एकूण खाद्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, सुमारे ३९ टक्के, आढळला. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेलाही तो मुख्यतः भटक्या कुत्र्यांवर जगतो. साखळी अशी आहे : कोंबडीच्या दुकानांची घाण व मेलेल्या कोंबड्या रस्त्याकडेला पडतात, त्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. पोल्ट्रीतील मर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. शेळ्या-मेंढ्या रात्री दार व छप्पर असलेल्या बंद गोठ्यात ठेवाव्यात, नुसते कुंपण पुरत नाही. वाकून काम करणारा माणूस त्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो, म्हणून पहाटे-संध्याकाळी उसाला पाणी देताना सोबत व बॅटरी असावी. ऊसतोडीत पिले सापडली तर उचलून घरी आणू नयेत. फडातील तेवढा कोपरा सोडून बाजूचे काम करावे आणि वन विभागाला कळवावे. बहुतेक वेळा मादी त्याच रात्री येऊन पिले घेऊन जाते.